दोघींना एकच दवा

थोरल्या जाऊबाईंना आणि मला एकाच हिवाळ्यात मधुमेह निघाला. त्यांचा आधी, माझा मागून. आजारपणातसुद्धा त्यांचाच पहिला मान, याचाही मला राग आला होता.

त्यांची चाळिशी उलटलेली, अंगाने भरलेल्या. मी पंचविशीची, आणि महिनाभरात अशी वाळले की पोलक्याच्या बाह्या लोंबू लागल्या. डॉक्टरांनी लघवी निळ्या औषधात घालून उकळली, तर दोघींचीही विटकरी लाल झाली. रंग एक तर रोग एक, असं मी धरून चालले. पण त्यांना मिळाल्या नुकत्याच निघालेल्या गोळ्या आणि मला दोन वेळा इन्सुलिनची सुई. तुमचा मधुमेह वेगळ्या जातीचा आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. मी ऐकलं, पण मनातून ते मला मुळीच पटलं नव्हतं.

सकाळी मी चुलीवर काचेची पिचकारी उकळत बसायची. जाऊबाई घोटभर पाण्याबरोबर गोळी गिळायच्या आणि शेजारणीकडे गप्पा मारायला मोकळ्या. माझा नुसता जीव जळायचा.

मध्य प्रदेशातल्या आमच्या गावी, लालबाग वस्तीतल्या घरात, सासूबाईंचा एक कायदा होता. सुनांना लुगडी एकाच ताग्यातली, बांगड्या एकाच रंगाच्या. जवळच्या फोपनार गावाहून केळीचा घड आला तरी फण्यांची सारखी वाटणी. बाहेर तेव्हा चार मुलखांचा मिळून नवा मध्य प्रदेश झाला होता, यजमानांच्या कचेरीतले कागद नागपूरऐवजी भोपाळला जात होते आणि कुठला नियम कोणाला लागू, याचा पत्ता कोणालाच नव्हता. घरात मात्र नियम पक्का होता.

मी तोच पकडला. त्यांना गोळी आणि मला सुई, हे कुठलं सारखं, असं सासूबाईंना विचारलं. त्यांना ते लागलं.

"माझ्या घरात दोन सुनांचा हिसाब अलग होत नाही," त्या म्हणाल्या. "उद्यापासून दोघींना एकच दवा."

जाऊबाईंच्या बाटलीतल्या अर्ध्या गोळ्या माझ्याकडे आल्या. मी पिचकारी डबीत घालून कपाटात टाकली आणि जिंकल्यासारखी झोपले.

दोन-तीन दिवसांत उलट्या सुरू झाल्या. पाणी कितीही प्यायलं तरी घसा कोरडा, आणि पडल्या जागी धाप. तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. मी चोरून केळी खाल्ली, असं समजून सासूबाई आधी माझ्यावरच चिडल्या. मग मी हाकेला ओ देईना, तेव्हा टांगा आणला.

डॉक्टरांनी वासावरूनच ओळखलं. सलाईन लावली, सुया दिल्या. मी शुद्धीवर आले तेव्हा ते सासूबाईंना समजावत होते.

"माई, थोरलीच्या शरीरात इन्सुलिन आहे, पण ते आळसावलंय. गोळी त्याला ढुसणी देऊन उठवते. धाकटीच्या शरीरात ते बनणंच बंद झालंय. गोळी कोणाला उठवणार? हिची सुई चुकवलीत, तर ही जाईल."

सासूबाईंनी मला टांग्यात घालून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून त्यांनी एक लहान मडकं आणलं. औषध थंड राहावं म्हणून त्यात गार वाळू घातली, वरून ओलं फडकं गुंडाळलं आणि माझी इन्सुलिनची बाटली आत ठेवली. हे धाकटीचं, कोणी हात लावायचा नाही, असं सगळ्या घराला बजावलं.

दुपारी जाऊबाई त्या मडक्यापाशी किती तरी वेळ उभ्या होत्या. फडकं सुकलं होतं, त्यावर त्यांनी पाणी शिंपडलं.

"इतकी वर्षं झाली मला या घरात," त्या म्हणाल्या. "एकटीसाठी म्हणून आलेली चीज आज पहिल्यांदा पाहिली."

त्यांना माझा हेवा वाटत होता. मी पिचकारी उकळायला ठेवली आणि मडकं हळूच माझ्या बाजूला ओढून घेतलं.