एक पुडी, एक लिटर पाणी
नव्वदच्या दशकात किन्हवलीजवळच्या एका गावात मी अंगणवाडी चालवायचे. शहापूरच्या प्रशिक्षणात मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: मुलाला जुलाब झाले तर एक पुडी, एक लिटर पाणी. लिटरचं माप मात्र मागाहून येणार होतं.

गावात येऊन मी बायकांना जलसंजीवनीची, म्हणजे मीठ-साखरेची, पुडी दाखवली. शेजारच्या सुनेनं विचारलं, "बाई, लिटर म्हंजे किती तांबे?"

मी घरचा तांब्या वर धरला. "हा भरून, वर थोडं."

लगेच बायका आपापले तांबे घेऊन आल्या. कुणाचा लग्नातला, पोट सुटलेला. कुणाचा पोचे पडून आत गेलेला. शेवटी मी म्हटलं, "अंदाजानं करा."

पुढच्याच आठवड्यात त्या सुनेच्या पोराला जुलाब लागले. तिनं लहानशा तांब्यात अख्खी पुडी ओतली. पोर घोट घेऊन थुंकायला लागलं. मी चाखून पाहिलं. समुद्राचं पाणी परवडलं.

"ओतून दे हे. मापानंच करायला पाहिजे."

"माप आणू कुठून?" ती रडकुंडीला आली.

ओट्यावर तिचा नवरा बसला होता. दारूबंदीसाठी आम्ही बायका ज्यांच्या नावानं ओरडत होतो, त्यांतला हा पहिला. तो उठून परसात गेला आणि रिकामी क्वार्टर घेऊन आला.

"एकशेऐंशी मिली. वर छापलंय. साडेपाच भरा, लिटर झालं. यात खोट नाय, बाई."

मी मनात हिशेब केला. जेमतेम दहा मिलीचा फरक.

त्याच्या बायकोनं बाटली गरम पाण्यानं धुतली, वास घेतला, पुन्हा धुतली. उकळून गार केलेलं पाणी आम्ही मोजून घेतलं, नवी पुडी ढवळली आणि चमच्याचमच्यानं पाजत राहिलो. संध्याकाळी पोरानं डोळे नीट उघडले. दुसऱ्या दिवशी भातासाठी रडायला लागलं.

मग मीच, दारूबंदीवाली, घरोघर सांगत फिरले, "एकेक क्वार्टर धुऊन ठेवा गो." "आमच्यात कुणी घेत नाय" म्हणणाऱ्यांच्या घरातूनसुद्धा दोन-दोन निघाल्या.

त्या नवऱ्याचा तर भाव वधारला. दिवेलागणीला तो चपला घालायचा आणि बायकोनं विचारलं की सांगायचा, "माप आणायला चाललोय."

"हाय ना घरात एक!"

"फुटलं तर?" असं म्हणून तो निघायचा.