वाळूतली मेणबत्ती

स्नेहलता खोटं बोलणारी बाई नव्हे. जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गच्या निर्मनुष्य रस्त्यावरही ती लाल सिग्नलला मुकाट उभी राहायची आणि शेजारणीचा कचरा चुकीच्या डब्यात दिसला की तिचा जीव वरखाली व्हायचा. अशी बाई खोटं बोलली, तेही सख्ख्या बापाशी. नाशिकला एकट्या राहणाऱ्या बाबांच्या गुडघ्याचं मे महिन्यात ऑपरेशन होतं. "बाबा, रजाच शिल्लक नाही हो," असं तिने फोनवर सांगून टाकलं. रजा होती. पण नवऱ्याने, श्रीनाथने, जॉर्जिया या डोंगराळ देशात जायची तिकिटं आणि तिथली भाड्याची गाडी आधीच ठरवून ठेवली होती. आणि खरं सांगायचं तर हॉस्पिटलच्या वासापेक्षा तिलाही डोंगरच हवे होते.

डोंगर मिळाले. एका वळणावर, चढणीच्या टोकाला जुनं दगडी चर्च दिसलं म्हणून श्रीनाथने गाडी थांबवली. आत चिटपाखरू नव्हतं. भिंतीवरचे संत धुराने काळवंडले होते. नेमकं त्याच दिवशी बाबांचं ऑपरेशन होतं. त्या शांततेत तिला ते एकदम आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. मेणबत्त्यांसाठी एक उंच पितळी स्टँड होता. पण दिवा कसा, देवापुढे खाली लावायचा, ही लहानपणापासूनची सवय. तिने कोपऱ्यातल्या बुटक्या, वाळू भरलेल्या तबकात बाबांच्या नावाने मेणबत्ती खोचली आणि हात जोडले. लेकीने, उर्जाने, फोटो काढला. तेवढ्यावर बाईसाहेबांचं मन हलकं झालं! माणसाला सोयीचं पुण्य फार लवकर पुरतं.

परतल्यावर ऑफिसच्या कँटीनमध्ये तिने तो फोटो मनानाला दाखवला. ही मैत्रीण मूळची जॉर्जियाचीच. फोटो बघून मनानाने तिचा हातच धरला.

"वडील कधी गेले गं?"

"गेले कुठे? आहेत की!"

मनाना गडबडली. "आल्झो... म्हणजे, आमच्याकडे जिवंत माणसासाठी वर लावतात. खाली वाळूत, गेलेल्यांसाठी."

स्नेहलताने ताट बाजूला सारलं. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं तिने स्वतःला बजावून पाहिलं. पण बाबांना जिवंतपणी गेलेल्यांत बसवून आलो, हे मनातून जाईना. ऑपरेशनला त्यांना एकटं सोडताना तरी आपण वेगळं काय केलं होतं?

रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. वॉकर धरून उभे होते, स्वारी खुशीत.

"अगं, उर्जाने फोटो पाठवला. शेजारच्या कुमारकडून मोठा करून घेतला. बघ!"

देवांच्या तसबिरींशेजारी भिंतीवर तीच मेणबत्ती.

"तुमच्या घराजवळचंच चर्च ना? रजा नाही, तरी माझ्यासाठी जाऊन आलीस. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो मी."

"बाबा, तो फोटो काढा ना."

"का गं?"

मेणबत्तीचं सांगायला तिची जीभ रेटेना. त्यातल्या त्यात जे सांगता येण्याजोगं होतं, तेवढं तोंडातून निघालं.

"बाबा, रजा होती मला. आम्ही फिरायला गेलो होतो. ते चर्च तिकडचं आहे."

बाबा वॉकर सावरत हळूच खुर्चीत टेकले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "असू दे. मेणबत्ती तरी माझ्याच नावाची आहे ना?"

"हो," स्नेहलता म्हणाली. एवढं मात्र खरंच होतं.