दत्ताभाऊंची लाल वर्तुळं

दत्ताभाऊ गेले, हे अजून खरं वाटत नाही. सकाळी सहाला लिफ्टपाशी "ताई, चहा झाला का?" विचारणारा माणूस सातला चाकणच्या वाटेवर, कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या संपतो? पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती हो! निरोप आला तेव्हा मी मेथी निवडत होते. जुडी हातात घेऊनच खाली धावले... कशाला, कोण जाणे.

आमची ओळख झाली ती माझ्या मूर्खपणामुळे. मोशीतल्या आमच्या सोसायटीमागे, इंद्रायणीच्या बाजूला, एक मोकळा प्लॉट आहे. तिथे एका सकाळी काळ्या गोट्यांचं वर्तुळ, त्यात सावरीची लाल फुलं आणि मधोमध पिंपळाची पानं मांडलेली दिसली. मी घाबरले आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहून मोकळी झाले, 'मागे कुणीतरी करणी केली आहे, मुलांना पाठवू नका.' पुढच्या गुरुवारी, कारखान्यांच्या सुट्टीला, तिथे उकिडवे बसून फुलं मांडताना सापडले ते चौथ्या मजल्यावरचे दत्ताभाऊ! आठवडाभर कंपनीत लोखंडाचे पार्ट तपासायचे आणि सुट्टीला हे. गळून पडलेलंच घ्यायचं, तोडायचं काही नाही. वाऱ्याने नेलं की नवीन. फोटोही काढायचे नाहीत. घरच्यांना वाटायचं, हे नदीवर फिरायला जातात. मी ओशाळून म्हटलं, "ग्रुपवर खुलासा करते."

"नका ओ ताई," ते हसले. "करणी हाय म्हणून तर कुणी पाय देईना. ऱ्हाऊ द्या की!"

मी राहू दिलं. पुढे त्यावर आम्ही दोघं किती हसलो असू!

दहाव्याहून परतताना मात्र जिन्यात कुजबुज ऐकली, "उतारे मांडायचे ना, त्यांच्यावरच उलटलं." त्यांना तिथे मांडताना कुणीतरी गॅलरीतून पाहिलं असणार. ही आग मीच लावली होती. त्याच संध्याकाळी ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. काहींनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. विश्वास किती जणांनी ठेवला, देव जाणे.

गेल्या गुरुवारी त्यांच्या मुलीला, अकरावीतल्या श्रुतीला, त्यांचं शेवटचं वर्तुळ दाखवायला नेलं. फुलं वाळली होती, पण मांडणी जागच्या जागी होती. ती दहा पावलांवरच थांबली.

"काकू, जवळ गेलं तर... काही होणार नाही ना?"

बापाच्या हातच्या फुलांना पोरगी घाबरत होती! मग मी चपला काढल्या आणि सरळ त्या वर्तुळात जाऊन बसले. फुलं मोडली, पानं चुरचुरली. त्यांच्या हातचं उरलेलं एवढंच होतं आणि तेही मीच मोडलं.

"ये," मी म्हटलं.

ती रडत रडत आली आणि माझ्या शेजारी बसली.