लसणाची वाटी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अमावास्येला मळ्यातून एकटी आले आहे, अंगात आलेल्या बायकांच्या तोंडावर पाणी मारून त्यांना घरी पाठवलं आहे. वय बहात्तर, शिक्षण चौथी. तरी हे लिहिते आहे, कारण घरात सांगण्यासारखं नाही.

आम्ही नाशिकला मखमलाबाद रोडला राहतो. पूर्वी इथे आमचा काकड्याच्या फुलांचा मळा होता. आता त्याच जमिनीवर बिल्डिंग आहे आणि तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. नात सई तेरा वर्षांची. तिला मायग्रेन आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं — दुखायला लागलं की लगेच गोळी, मग अंधारी खोली आणि झोप. उशीर केला तर गोळी लागू पडत नाही.

मी म्हणायचे, "परीक्षा आली की बरं दुखतं गं तुझं!"

मागच्या फाल्गुनात एक दिवस ती शाळेतून अकरा वाजताच परत आली, डावा डोळा दाबून धरलेला. सून कामावर होती. तिचा फोन आला, "आत्याबाई, फ्रिजवर गोळी आहे, आधी ती द्या. तुमचं ते लसणाचं काही नको."

"बरं," म्हणाले आणि गोळी तिथेच राहू दिली. एवढ्याशा पोरीला कसल्या गोळ्या? अर्धशिशीला आमच्यात नाकात लसणाचा रस सोडतात. आग होते, पण ढोंग असेल तर तिथेच पळतं. लसूण सोलला, ठेचला, फडक्यातून पिळला आणि वाटी घेऊन खोलीच्या दारात उभी राहिले. पडदे लावलेले. सई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी अजून एक शब्द बोलले नव्हते.

ती म्हणाली, "आई, छातीवरचा गुडघा काढ ना... श्वास घेता येत नाही. उठते मी. तोडते कळ्या."

सई मला आजी म्हणते आणि तिच्या आईला मम्मी.

हे बोलणं माझ्या मुलीचं, सुमनचं. तिचंही असंच डोकं उठायचं, ऐन तोडणीच्या वेळी. काकड्याची कळी उमलली की बाजारात कोणी हात लावत नाही. म्हणून एका पहाटे मी तिला खाटेवर पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि नाकात रस ओतला. मग हातात टोपली देऊन मळ्यात हाकलली. नवरा गावाला गेलेला, सईचा बाप पाळण्यात. कोणी पाहिलं नाही, मी कोणाला सांगितलं नाही. सुमन लग्नानंतर दोन वर्षांत काविळीने गेली. सई तेव्हा कुठे होती?

वाटी हातातून पडली. धावत जाऊन गोळी दिली, पण फार उशीर झाला होता. पोर संध्याकाळपर्यंत ओकत होती, भिंतीवर डोकं आपटत होती. सुनेला घरात पाय टाकताच वास आला.

"शंभरदा सांगितलं होतं ना, आत्याबाई? मारायचीय का पोरगी?"

मी फडकं घेऊन सांडलेला रस पुसायला बसले.

सईला काहीच आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "आजी, अशा दुखण्यात मुलं कधी कधी बरळतात." बरळतात, मान्य. पण माझा गुडघा तिला कोणी सांगितला?

आता तिने डोकं धरलं की मी आधी गोळी देते. सून म्हणते, आत्याबाई सुधारल्या. सुधारते कसली... दार पुरतं न उघडता गोळी-पाणी आत सरकवते आणि ती काही बोलायच्या आत मागे फिरते. लसूण एकदाच झाला. सुमनला आठवेल असं माझ्या हातून अजून बरंच झालेलं आहे.