उताण्यांचे दाजी

पाणी आटलं की ज्याचा जीव भांड्यात पडतो, असा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच आहे आणि तो नेमका आमच्या आक्काच्या नशिबी आला. आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वडवणीजवळच्या एका वाडीत त्यांचं कापसाचं रान आहे आणि रानाच्या वर त्यांच्याच मालकीचा खडकाळ माळ. त्या माळावर कुसळापलीकडे काही उगवत नाही. पण पावसाळ्यात खडकातले खळगे भरतात, कुठला परातीएवढा, कुठला बैलगाडी मावेल एवढा. आणि एकदा ते भरले की दाजी घरचे राहत नाहीत.

या खळग्यांत एक जीव होतो. बोटाच्या पेराएवढा, आरपार दिसणारा, पोटाला पायांची झालर लावलेला आणि जन्मभर पाठीवर पोहणारा. दाजी त्यांना ‘उताणे’ म्हणतात, बाकी गाव किडे म्हणतं. दोन-तीन आठवड्यांत उताण्यांचा जन्म, संसार, अंडी सगळं उरकतं. मग खळगा आटतो, अंडी वाळल्या चिखलात पडून राहतात आणि पुढच्या पावसाला त्यांतून नवे उताणे निघतात. चिखल मात्र वाळलाच पाहिजे, नाहीतर अंडी उठत नाहीत. आणि पाणी टिकलं तर त्यांना खाणारे वस्तीला येतात. ही माहिती मी हौसेनं मिळवलेली नाही. आक्काकडे जेवायला बसलं की ती भाकरीबरोबर वाढली जाते.

त्यामुळे पावसानं ओढ दिली, गाव तोंड वर करून आभाळाकडे बघायला लागलं, की दाजी ओसरीवर मांडी घालून चहा मागतात. “आटलं एकदाचं,” म्हणतात. आक्का आतून ओरडते, “हळू बोला की! कुणी आयकलं तर हाणतेल.”

पावसाळ्यात पाहुणे कपिलधारचा धबधबा बघायला निघाले की दाजींना मनापासून वाईट वाटतं. “तिथं काय हाय? पाणी वरून खाली पडतंय. ते तर समदीकडंच पडतंय.” मग ते त्या पाहुण्यांना माळावर नेऊन खळग्याच्या कडेला पालथं झोपवतात. भाचीला बघायला आलेली मंडळीसुद्धा यातून सुटली नाहीत. मुलाचे वडील पांढऱ्या कपड्यांत, टोपी सांभाळत, अर्धा तास ओल्या खडकावर पडून होते. सोयरीक जमली. ती खळग्यामुळे जमली की खळगा असूनही जमली, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

पण गेल्या उन्हाळ्यात मोठ्या खळग्यावरच बेतलं. वाडीतली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शेरडं. त्या शेरडांसाठी म्हाताऱ्यांना लांबच्या हापशावरून पाणी आणावं लागतं. मोठ्या खळग्याला सिमेंटचा बांध घातला तर हिवाळाभर पाणी राहील, असं गावात ठरलं. जागा दाजींची, म्हणून सगळे ओसरीवर येऊन बसले. मीही होतो. उताणे सगळ्यात जास्त तिथंच होतात, हे मला तोंडपाठ होतं. कुणी विषय काढेना. शेवटी शेरडं राखणारी एक म्हातारी म्हणाली, “लेका, तुह्या किड्यायला पाणी आटावं लागतंय. माह्या शेरडायला न्हाई लागत.”

दाजी उठले आणि ओसरीच्या कडेला जाऊन माळाकडे बघायला लागले. मला वाटलं, आता भांडण. ते म्हणाले, “बांधा. पर तळाचा गाळ मला काढू द्या.”

दुसऱ्या दिवशी भर उन्हात ते तो वाळका गाळ खरवडून वरच्या एका लहान खळग्यात नेऊन टाकत होते. आक्कानं आयुष्यभर या उताण्यांना शिव्या घातल्या. ती दुसरं घमेलं घेऊन आली, पदर खोचला आणि भरायला लागली. मला भरून आलं, म्हणून मी उगाच खोऱ्याचा दांडा हलतोय का बघितलं.

यंदा मोठा खळगा तुडुंब भरला. लहान खळग्यातही उताणे आले. दाजींनी फोनवर एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. मी गेलो तोवर पावसानं ओढ दिली होती. लहान खळग्यात वीतभरसुद्धा पाणी नव्हतं आणि उताणे अजून कोवळे होते, अंडी धरायचे बाकी होते. दाजी कडेला उकिडवे बसून आभाळाकडे बघत होते. त्यांना तसं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

“बादलीनं घालू की, दाजी,” मी म्हणालो.

“बोअरचं चालत न्हाई, पाव्हणं. पावसाचंच लागतंय. अन् खालचं शेरडायचं हाय. दिलेलं कसं मागावं?”

तेवढ्यात ती म्हातारी मोठ्या खळग्याकडून चढून आली. डोक्यावर कळशी, मागं दोन शेरडं. धापा टाकत ती काठाशी टेकली आणि पदराची घडी कळशीच्या तोंडावर धरली.

“गाळून वतते, त्यायला खाणारं काय जायाचं न्हाई,” ती म्हणाली. “तुह्या लेकरायला आजून किती लागंल?”

दाजींनी खळग्याच्या कडेला, पाण्याच्या वीतभर वर, बोट टेकवलं.

“बरं, मंग आजून आणते,” म्हणाली आणि हळूहळू ओतायला लागली.