तलासरीची सातवी

तलासरीच्या शाळेतल्या सातवीच्या चार मुलांना मी नापास ठरवलं. ती पास होती. त्याचा ठपका आमच्या ऑफिसातल्या एका बाईंवर आला, आणि त्यांची काहीही चूक नव्हती. हे मला तीन आठवड्यांत कळलं होतं. मी सात वर्षं गप्प राहिलो.

तेव्हा मी डहाणूच्या एका शिक्षणसंस्थेत गणित शिकवायचो. संस्थेच्या तीन शाळा होत्या, डहाणू, आशागड आणि तलासरी. नव्वदच्या सुमारास संस्थेने एक कॉम्प्युटर घेतला. मी वापीला जाऊन सहा महिने रविवारचा क्लास केलेला होता, एवढ्यावर तो माझ्याकडे आला. पहिलं काम निकालाचं होतं. पाचवी ते नववी, तीन शाळा, म्हणजे पंधरा वर्ग.

मी डहाणूच्या पाचवीचा निकाल लावणारा प्रोग्रॅम लिहिला. तो चालला. मग त्याचीच नक्कल केली, विषय आणि गुणांचे आकडे बदलले आणि सहावी तयार केली. अशा पंधरा नकला एकाखाली एक जोडल्या. हिशेबाचा भाग एकदाच लिहून सगळ्या वर्गांसाठी वापरता येतो, असं क्लासात सांगितलं होतं, पण ते मला नीट उमगलं नव्हतं आणि नक्कल करणं सोपं होतं. शिवाय प्रोग्रॅम लांब झाला याचा मला अभिमान वाटायचा. एकदा मी त्याची प्रिंट शिक्षकांच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उलगडून दाखवली होती. सगळे कौतुकाने कडेकडेने चालले. कागदावर पाय पडू नये म्हणून.

गुण भरायचं काम त्या बाई करायच्या. चिंचणीहून एसटीने यायच्या. घरी मासे सुकवून विकण्याचा धंदा, घरात टायपिंग शिकलेल्या त्या पहिल्याच. तीन वर्षं तात्पुरत्या म्हणून काम करत होत्या आणि त्या जूनमध्ये त्यांना कायम करावं, अशी शिफारस जाणार होती. एक पान भरून झालं की त्या ते खालून वर तपासायच्या. असं उलटं का, म्हणून मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या की सरळ वाचलं की पुढे काय येणार ते डोळ्यांना आधीच ठाऊक असतं.

ब्याण्णवच्या फेब्रुवारीत तलासरीच्या शाळेचे मुख्याध्यापक एक मागणी घेऊन आले. वेवजीकडच्या पाड्यांवरची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. धाकट्या भावंडांना सांभाळायला एखादं मोठं मूल सोबत नेतात. ते मूल महिना-दोन महिन्यांनी परत येतं, पण तोवर एक चाचणी बुडालेली असते. त्या चाचणीचा शून्य धरू नये, उरलेल्या चाचण्यांची सरासरी धरावी, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मला म्हणाले, "तुमच्या यंत्राला भट्टी कुठे ठाऊक आहे, सर? तुम्ही सांगा त्याला."

संस्थेने नियम मान्य केला. अशा मुलाच्या गुणांच्या जागी बाईंनी इंग्रजी एल, म्हणजे लीव्हचा एल, टाकायचा आणि प्रोग्रॅमने ती चाचणी वगळायची, असं ठरलं. वगळण्याच्या चार ओळी मला पंधरा ठिकाणी घालायच्या होत्या. मी प्रिंट टेबलावर पसरली, लाल पेन्सिल घेतली आणि एकेक वर्ग करत गेलो. आधी कागदावर खूण करायचो, मग स्क्रीनवर ओळी लिहायचो. मध्ये दोनदा वीज गेली. डहाणूत तेव्हा त्यात विशेष काही नव्हतं. वीज आली की शेवटची खूण बघून पुढच्या वर्गापासून सुरुवात करायचो.

एक मेला झेंडावंदनानंतर निकाल वाचून दाखवायची आपल्याकडे पद्धत आहे. तलासरीला सातवीच्या वर्गशिक्षकांनी उत्तीर्णांची नावं वाचली, मग उरलेली चार वाचली. चौघंही भट्टीवरून परतलेली होती. पालक समोर बसले होते.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक गुणांची वही काखेत घेऊन डहाणूला आले. ऑफिसात संस्थेचे सचिव होते आणि एक विश्वस्त, बोर्डीकडचे चिकूचे बागायतदार. वहीत त्या चौघांच्या पुढे रजा लिहिलेली होती. प्रिंटवर त्याच जागी शून्य छापलेलं होतं. विश्वस्तांनी त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत एवढंच विचारलं, "मास्तर, भूल कोनाची?"

बाई दारापाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी एलच टाकलाय, सर. फाईल उघडून बघा ना."

फाईल उघडायला दोन मिनिटं लागली असती. कॉम्प्युटर पाच पावलांवर होता. पण माझ्यासमोर छापील शून्य होतं आणि तिघं माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "यंत्र आपल्या मनाने शून्य छापत नाही. भरलं असेल तेच येतं."

कुणी आवाज चढवला नाही. मुख्याध्यापकांनी हाताने चार नवी निकालपत्रकं लिहून घेतली आणि स्वतः पाड्यांवर जाऊन दिली. जूनमध्ये चौघं आठवीत बसली. पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. बाईंना मात्र कॉम्प्युटरवरून काढून शाळा सोडल्याचे दाखले हाताने लिहायला बसवलं, आणि त्यांची शिफारस गेली नाही.

त्या क्षणी मी खोटं बोललो असं मला म्हणवत नाही. मला तसंच वाटत होतं. खोटेपणा पुढचा आहे.

मेच्या सुट्टीत मी प्रोग्रॅम परत हातात घेतला. नवा नियम आला की पंधरा ठिकाणी हात घालायचा, याचा कंटाळा आला होता. क्लासात सांगितलेलं आता थोडं कळत होतं. मी हिशेबाचा भाग एकदाच लिहिला आणि कुठल्या वर्गाला कोणते विषय, किती गुण, हे वेगळ्या तक्त्यात ठेवलं. भिंतीपासून भिंतीपर्यंतचा कागद सहा पानांवर आला. तो बरोबर चालतो का, हे बघण्यासाठी त्याच वर्षीचे गुण त्यातून परत काढले आणि जुन्या प्रिंटशी एकेक आकडा ताडून पाहिला. चौदा वर्ग जसेच्या तसे जुळले. तलासरीच्या सातवीत चार मुलं वेगळी निघाली. नव्या प्रोग्रॅमने त्यांना पास केलं होतं.

मी गुणांची फाईल उघडली. चारही जागी एल होता.

मग जुना प्रोग्रॅम बघितला. चौदा नकलांमध्ये त्या चार ओळी होत्या, या एका नकलेत नव्हत्या. ओळी नसल्या की प्रोग्रॅम एलला आकडा समजायला जायचा, त्यात आकडा नाही म्हणून शून्य धरायचा आणि शून्यच छापायचा. प्रिंटवर मात्र त्या वर्गापुढे माझी लाल खूण होती. खूण केली, ओळी लिहिल्या, आणि सेव्ह करण्याआधी वीज गेली. एवढंच झालं असणार.

सुट्टीत ऑफिसात मी आणि शिपाई दोघंच होतो. मी जुना प्रोग्रॅम पुसून टाकला. वापरात नसलेली नक्कल ठेवू नये असं शिकवलेलं होतं, असं मी स्वतःला समजावलं. जून उजाडायला अजून आठवडा होता. सचिवांचं घर माझ्या वाटेवरच होतं. तेव्हा बोललो असतो तर शिफारस वेळेत गेली असती. मी रोज त्या घरावरून गेलो.

त्या कायम झाल्या त्या दोन वर्षांनी. मी त्यांना पेढे मागितले, त्यांनी दिले.

नव्याण्णवमध्ये सगळीकडे वर्षाचे दोन आकडे चार करायची घाई चालू होती. माझ्या प्रोग्रॅममध्ये ते एकाच जागी करायचं होतं, ते दहा मिनिटांत झालं. जुन्या फ्लॉपींवरचे निकाल मात्र नव्या मशीनवर घ्यायचे होते. सचिवांनी मदतीला बाईंना दिलं. त्या एकेक फ्लॉपी माझ्या हातात द्यायच्या आणि वहीत नोंद करायच्या. त्या वर्षाची फ्लॉपी आली तेव्हा मी ती बाजूला ठेवली.

"ती राहिली, सर," त्या म्हणाल्या.

खराब असेल, असं म्हणता आलं असतं. मी ती मशीनमध्ये घातली. तलासरी, इयत्ता सातवी. त्या नेहमीप्रमाणे खालून वर बघत गेल्या आणि थांबल्या. स्क्रीनवर बोट ठेवून त्यांनी चार एल मोजले.

"तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

"कधीपासून?"

"त्याच मेपासून."

त्यांनी वही मिटली. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "मला एकटीला सांगून काय करू मी? मला तर ठाऊकच होतं की मी एल टाकलाय. ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर सांगा."

मुख्याध्यापक तोवर निवृत्त झाले होते. मी तलासरीला त्यांच्या घरी जाऊन त्यांना यायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही. सचिव तेच होते. विश्वस्त थकले होते, तरी आले. त्याच ऑफिसात, त्याच टेबलाभोवती आम्ही बसलो. बाई दारापाशी उभ्या राहिल्या. मी बसा म्हटलं, त्या बसल्या नाहीत.

मी प्रिंट टेबलावर ठेवली. जुना प्रोग्रॅम मी पुसला होता, पण लाल खुणांची ही प्रिंट फेकली नव्हती. तलासरीच्या सातवीपुढची खूण दाखवली, फाईलमधले चार एल दाखवले आणि ओळी कुठे राहून गेल्या होत्या ते सांगितलं. विश्वस्तांना त्यातलं काही कळलं नसावं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, भूल कोनाची.

मी उठून बाईंकडे वळलो.

"चूक माझी होती. बाईंनी बरोबर भरलं होतं. त्यांनी फाईल उघडा म्हटलं आणि मी उघडली नाही. नंतर उघडली, तेव्हा सांगितलं नाही. त्यांची दोन वर्षं माझ्यामुळे गेली. बाई, मला माफ करा."