तीन रुपयांचा इसार

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. कारण मी एवढा मोठा गाढवपणा सांगणार आहे, की मध्ये थांबवलंत तर पुन्हा सांगायचा धीर व्हायचा नाही. चहा येऊ द्या. माझ्यात साखर कमी.

पांढरकवड्याच्या तहसील कचेरीच्या आवारात टिनाच्या शेडखाली मी दस्त लिहितो. तीस वर्षं झाली. खरेदीखत, वाटणीपत्र आणि सगळ्यात जास्त इसारपावत्या. शेताचा सौदा ठरला की घेणारा थोडे पैसे आगाऊ देतो, तो इसार. पावतीवर ठरलेला भाव लिहायचा, मुदत लिहायची. मुदतीत बाकी रक्कम दिली तर शेत तुमचं. नाही दिली तर इसार बुडाला, सौदा मोडला, राम राम! एवढं ध्यानात ठेवा. माझं वाटोळं ह्यातच आहे.

ते वर्ष गुलाबी बोंडअळीचं. कापूस बोंडातच सडला. बाजारात पैसा नाही, मग शेत घेणार कोण? आठवडा-आठवडा माझ्या टेबलावर कागद हलत नव्हता. शेजारच्या टेबलावर स्टॅम्प विकणारे सलीमभाई शब्दकोडी सोडवायचे आणि मी, आता लपवून काय उपयोग, मोबाईलवर शेती करायचो.

होय, गेम! माझी मुलगी केतकी, तिनंच कधीतरी माझ्या मोबाईलवर टाकला होता. अहो, काय कापूस फुटायचा त्या शेतात! अळी नाही, फवारणी नाही, मजुरीचा वाद नाही. बोट फिरवलं की वेचणी खलास. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मी, पण तो कापूस पाहून दोनदा मोठ्यानं 'वा!' म्हणालो आहे. सलीमभाई साक्षीला आहेत.

एका सोमवारी त्या गेममधला बाजार उघडला. कापसातून सरकी काढायचं एक सुरेख जिनिंग विकायला होतं. वर सात हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये, त्यावर लाल काट. खाली सातशे नव्व्याण्णव. त्याखाली ठळक अक्षरांत, 'आज भरा फक्त एक रुपया! मुदत तीन दिवस!' आणि शेजारी उलटं पळणारं घड्याळ. नऊ मिनिटं उरलेली!

आता मी न वाचता बोट लावलं असं समजू नका हं. मी वाचलं! ठरलेला भाव सातशे नव्व्याण्णव. आज द्यायचा एक रुपया. मुदत तीन दिवस. हे काय आहे, तुम्हीच सांगा? इसारपावती! अगदी माझ्या हातची वाटावी अशी. खाली राखाडी रंगात मुंगीएवढी एक ओळ होती. ती मला धूळ वाटली. मी अंगठ्यानं पुसलीसुद्धा.

म्हटलं, रुपयात सौदा अडकवून ठेवू. तीन दिवसांत मन झालं तर घेऊ, नाही तर रुपया बुडाला. मग त्याच हिशेबात बैलजोडीला रुपया लावला आणि विहिरीलाही. तीनदा पिन टाकला. त्या दिवशी घरी जाताना माझी चाल बघायला हवी होती. तीन रुपयांत जिनिंग, बैल आणि विहीर मुठीत!

गुरुवारी मुदत संपली. मी मुद्दामच काही केलं नाही. इसार बुडवला, सौदे मोडले. दहाच्या सुमाराला मोबाईल तीनदा टिणटिणला. वाटलं, पलीकडचा हळहळला असेल.

नेमका तोच दिवस केतकीच्या फीचा. नागपूरला नर्सिंगच्या कॉलेजात तिचा नंबर लागला होता. फी ऑनलाइन भरायची, शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत. नाही भरली तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. खात्यात फी आणि वर हजारेक रुपये, एवढीच आमची श्रीमंती. दुपारी तीनला केतकी कागदांची पिशवी घेऊन शेडमध्ये आली, माझ्या मोबाईलवरून भरायला लागली आणि थांबली.

"बाबा, शिल्लक कमी दाखवून राह्यलं."

"कसं काय? पुन्हा कर."

"पुन्हा केलं. तेच येते."

मी मोबाईल घेतला, मेसेज उघडले आणि एकेक वाचत गेलो. सातशे नव्व्याण्णव गेले. सातशे नव्व्याण्णव गेले. पुन्हा सातशे नव्व्याण्णव गेले! सौदे मोडले नव्हते हो, सौदे पक्के झाले होते! जगात कुठं असं असतं? मुदतीत आपण गप्प बसलो तर सौदा होतो? गप्प बसणं म्हणजे सही?

फीला चौदाशे कमी पडत होते. आणि मी काय बोललो असेन?

"सर्व्हर डाउन आहे. तू जाऊन कॅन्टीनमधून चहा घेऊन ये."

ती गेली आणि कॅन्टीनच्या गर्दीत अडकली. मी घाईघाईनं गेम उघडला आणि जिनिंग रद्द करायला गेलो. समोर एक रडणारं वासरू आलं. खरंच रडत होतं हो! खाली मोठं हिरवं बटण आणि त्याच्याखाली एक फिकट ओळ. घामानं बोट निसटलं की हिरवा रंग पाहून आपोआप गेलं, देव जाणे, मी हिरवं दाबलं. वासरू उड्या मारायला लागलं. 'धन्यवाद! तुमचं जिनिंग राहू दिलं आहे!'

सलीमभाईंनी कोडं बाजूला ठेवलं.

"गजूभाऊ, काहून एवढा घाम फुटला?"

"काही नाही, उकाडा आहे."

"पंखा तर तुमच्याकडेच तोंड करून हाये!"

मी मदतीच्या नंबरला फोन लावला. पलीकडं सनई वाजली, मग एक बाई इंग्रजीत माझं कौतुक करून गेली, पुन्हा सनई. तेवढ्यात घरून बायकोचा फोन.

"अजी, भरली काय फी?"

"होऊन राह्यली, होऊन राह्यली."

"तुमचा आवाज कायले असा येऊन राह्यला?"

"सर्व्हर!" म्हणालो आणि ठेवला.

साडेतीन वाजले. घाबरलेला माणूस त्याला जे येतं तेच करतो. मला दस्त येतो. मी कोरा कागद ओढला आणि नोटीस लिहायला बसलो. 'लिहून देणार गजानन, धंदा दस्तलेखन, राहणार पांढरकवडा, कारणे नोटीस देतो की, सदर जिनिंगची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस तळे. पश्चिमेस बैलजोडी. दक्षिणेस विहीर. उत्तरेस रडणारे वासरू.' आणि पत्ता? पत्ता कुणाचा लिहू? समोरचा माणूस कुठल्या गावचा, कुठल्या तालुक्याचा, त्याला घर आहे की नुसतं वासरू, काही म्हणजे काही माहीत नाही!

"हे जिनिंग कोणाचं?" मागून आवाज आला. केतकी चहाचे ग्लास घेऊन उभी होती आणि माझ्या खांद्यावरून वाचत होती.

मी कागदावर तळहात ठेवला.

"बाबा, सर्व्हर डाउन नाही ना?"

घड्याळात चार वाजलेले. मुलीचा चेहरा असा उतरला की मला स्वतःची भयंकर लाज वाटली. ह्या एका जागेसाठी तिनं दोन वर्षं घासली होती. तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, बाबा रे, अंगठा देण्याआधी वाचून घे. आणि सलीमभाईंना चौदाशे मागायला मी तासभर का थांबलो? कारण मागायचे तर सांगावं लागलं असतं, आणि सलीमभाईंना सांगितलं की उमरखेडपर्यंत बातमी!

पण सांगितलं. सगळं. बैलजोडीसकट.

सलीमभाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे तुम्ही गेममंदी इसार देल्ला?"

"हो."

"तीन?"

"हो ना जी! आता मारता का?"

"मारत नाई. पैसे घ्या. व्याज नको. फक्त हा किस्सा मी कोणालेबी सांगू शकतो, एवढं स्टॅम्पवर लिहून द्या."

लिहून दिलं! नाही म्हणायची सोय होती का? पैसे खात्यावर आले. केतकीनं पुन्हा भरायला घेतलं, चक्र फिरत राहिलं, फिरतच राहिलं, आणि चार बावन्नला पावती आली. मी शेडच्या खांबाला धरून उभा राहिलो. केतकी रडली. मीही थोडा रडलो. सलीमभाई शेजारच्या झेरॉक्सवाल्याला किस्सा सांगायला निघून गेले.

त्याच रात्री तिनं तिन्ही सौदे स्वतः बंद केले आणि आठवड्यानं मोबाईलच्या पडद्याचे फोटो काढून ग्राहकांच्या तक्रारींच्या ठिकाणी चार ओळी लिहिल्या. माझी चतुःसीमा तिनं घेतली नाही. तिनं आठवडाभर लक्ष ठेवलं होतं. नऊ मिनिटांचं ते घड्याळ रोज पुन्हा नऊपासूनच सुरू व्हायचं आणि सात हजार नऊशे नव्व्याण्णवला ते जिनिंग एकही दिवस विकायला नव्हतं. काट मारलेला भाव मुळात कधी भावच नव्हता! रुपया ढोलाएवढा आणि दर आठवड्याला कापायचे सातशे नव्व्याण्णव मुंगीएवढे. तेही तिनं लिहिलं.

पंधरा दिवसांनी बैल आणि विहिरीचे पैसे परत आले, सलीमभाईंचे फिटले. जिनिंगचे आले नाहीत. कारण मी ते 'राहू दिलं' होतं ना!

नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी केतकीनं होस्टेलचा फॉर्म पुढं केला. 'पालकाची सही.' मी छाती फुगवून सही केली, खाली नावाचा शिक्का मारला. ती म्हणाली, "आता तुमचा मोबाईल द्या."

अर्धा तास काहीतरी करत बसली. काय केलं विचारलं, तर म्हणे, खरेदीला कुलूप लावलं. पण ते कुलूप फक्त लहान मुलांच्या खात्याला लागतं. म्हणून तिनं मला नवीन खातं उघडून दिलं आणि जन्मवर्ष जरा पुढं सरकवलं. मोबाईलच्या मते मी सध्या नऊ वर्षांचा आहे.

परवा गेममध्ये शेणखताचं एक पोतं दिसलं. फुकट. खरोखरच फुकट, ह्या वेळी मी चष्मा लावून, ती राखाडी ओळसुद्धा वाचली. बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'आधी आपल्या पालकांना विचारा.' विचारणा परस्पर नागपूरला गेली.

दोन मिनिटांत माझ्या पालकांचं उत्तर आलं, "नाही. आणि मोबाईल आईजवळ द्या."